भाऊ आला, पण गडी म्हणून

कापूस फुटायला लागला की माझे दोन्ही नातू भांडायला लागतात. दिवाळीनंतर गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. संघात कोण असावं, कोपऱ्यावर कोण उभं राहावं, पहिली चढाई कुणाची, यावर दोघं जेवणाचं ताट पुढ्यात ठेवून भाकरी वाळेपर्यंत वाद घालतात. परवा थोरल्यानं बातमी आणली, की यंदा गावानं हिंगोलीहून एक गडी आणायचं ठरवलंय, चढाईला. धाकटा बरीच वर्षं गावाकडून चढाई करतो. त्यानं ताट बाजूला सारलं, "मग आमी काय टाळ्या वाजवायला जायचं," एवढंच म्हणाला आणि हात धुऊन उठला. सून म्हणाली, पोरांचं काय मनावर घेता. पण मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे कुठंतरी दाराबाहेर. आमच्याकडं त्याला पोट जळणं म्हणतात. ते तोंड मी ओळखते. एका हंगामात ते आमच्या घरात आलटून पालटून सगळ्यांना होतं, आणि सर्वांत जास्त मला.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, लुगड्याला कापड मिळत नव्हतं, पण कापूस असा फुटला होता की सकाळी शेताकडं पाहिलं तर डोळे बारीक करावे लागत. वेचणीला निघायचं ते दव असताना. पऱ्हाटीची वाळकी टोकं बोटांना ओरबाडायची, ओटीत कापूस साठला की पोट पुढं आलेल्या बाईसारखं चालावं लागायचं. अजूनही कार्तिकात शेतावरून वारा आला आणि त्यात पऱ्हाटीचा तो कोरडा, थोडा तेलकट वास असला, की माझी बोटं आपोआप चुरचुरतात.

माझं सासर कनेरगाव नाक्याच्या अलीकडचं, म्हणजे तेव्हाच्या मोगलाईतलं. माहेर नाक्याच्या पलीकडं, वऱ्हाडात, इंग्रजी अमलात. म्हणूनच मला चार यत्ता शिकायला मिळालं. दोन्ही गावांत अंतर बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं, पण मधे निजामाचा करोडगिरीचा नाका. माल इकडून तिकडं न्यायचा तर जकात. मी लग्न होऊन आले तेव्हा नाकेदारानं माझी पेटी उघडायला लावली होती. मायनं दिलेली लुगडी त्यानं एकेक उचलून पाहिली, पितळेचा तांब्या बोटानं वाजवून पाहिला. मी गाडीत मुंडावळ्या बांधून बसले होते आणि चार परकी माणसं माझी चोळी हातात धरून तिची किंमत करत होती. मोगलाईत मी अशी आले.

त्यानंतर माहेर तुटल्यासारखंच झालं. धाकट्या भावाच्या, नामाच्या, लग्नाला दोन दिवस गेले तेवढंच. दिवाळीला सासूबाई म्हणायच्या, कापूस कोण वेचंल. संक्रांतीला म्हणायच्या, ज्वारीवर पाखरं पडलीत. आणि खरं तर न्यायलाच कुणी यायचं नाही. लेकीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. शेजारच्या बायकांचे मुराळी यायचे, नवे पटके बांधून, गाडीला घुंगरं लावून. मी भिंतीआडून बघायचे. आलेल्या मुराळ्याला पाणी न्यायची वेळ आली तर मी दुसरीच्या हातात तांब्या द्यायचे.

तर हुतूतू. खेळ आताचाच, एका दमात 'हुतूतू' म्हणत पलीकडच्या गड्यांत शिरायचं, कुणाला तरी शिवून दम तुटायच्या आत परत यायचं. आमच्या गावाला त्याचं वेड होतं. पैनगंगेच्या काठी माघात जत्रा भरायची. मोगलाईची गावं अलीकडून यायची, वऱ्हाडातली पलीकडून, आणि शेवटचा डाव बहुतेक माझ्या सासरच्या आणि माहेरच्या गावातच व्हायचा. सासरचं गाव सतत हरत होतं. वर्षभर त्यावरच बोलणं. पुरुषांचं लोहाराच्या भात्याजवळ, बायकांचं कापसाच्या सऱ्यांत. हो, बायकांचंही. आमच्या शेजारच्या चंद्राकाकू विधवा होत्या, त्यांना ना मूल ना बाळ, पण गावातल्या प्रत्येक गड्याचा पाय त्यांना पाठ. बोंडातून कापूस ओढत ओढत त्या सांगायच्या की अमक्याला मधे ठेवलं म्हणून साखळी तुटली, तमक्याला कोपऱ्यावर घ्यायलाच नको होतं, तो पकडायच्या आधी डोळे मिटतो.

वादाचा मोठा विषय म्हणजे शिकवणारे दोघं. आमच्या गावाला हैबती उस्ताद होते, साठीच्या पुढचे. नांगरलेल्या काळ्या रानात ते पोरांना पळवायचे आणि दम धरून विहिरीला फेऱ्या घालायला लावायचे. माझ्या माहेरी शाळेतले तरुण गुरुजी शिकवत. त्यांच्याकडं शिट्टी होती, चुन्यानं आखलेलं मैदान होतं, आणि कुणी कुठं उभं राहायचं हे ठरलेलं. उस्ताद गड्याचं अंग बघून त्याला जागा द्यायचे; गुरुजी जागा आखायचे आणि तिच्यात गडी बसवायचे. लोहाराकडं यावरून माणसं हमरीतुमरीवर यायची. काही म्हणायचे, उस्ताद जुना झाला, गुरुजींसारखी शिस्त पायजे. काही म्हणायचे, चुन्याच्या रेघांनी काय गडी होतो काय.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला चंद्राकाकूच म्हणाल्या, "गोदे, तुझा भाऊ तिकडं कोपऱ्यात सडून राहिला. हिकडं आनला तर?"

नामाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्याच्याएवढा लांब दम दोन्ही बाजूंना कुणाचा नव्हता. पण चढाई करायचा पाटलाचा दौलत, आणि गुरुजींनी नामाला उजव्या कोपऱ्यावर उभा केलेला, सलग तीन जत्रा. नामाचं पोट जळत होतं. पंचांचा नियम असा होता, की दिवाळीपासून ज्या गावचं अन्न खाल्लं त्या गावचा गडी. म्हणजे नामाला जत्रेपर्यंत आमच्या घरी राहावं लागणार होतं. आमचे हे (नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, आता हे गेल्यावर तरी कशाला घेऊ) संघाचे म्होरके होते. ह्यांनी निरोप्या पाठवला. नामा लगेच हो म्हणाला. माझे वडील, बा, दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. जायचं तर जा, पण आपल्याच गावावर चालून जाणाऱ्याला मी ओळखत नाही, असं त्यांनी सांगितलं. तो तरीही आला.

दिवाळी झाली आणि हे स्वतः गाडी घेऊन त्याला आणायला गेले. नाक्यावर नाकेदारानं विचारलं, गाडीत काय आहे. हे म्हणाले, गडी हाय, माल न्हाई. नाकेदार हसला, म्हणाला, गड्यावर करोडगिरी न्हाई, जाऊ द्या. ही गोष्ट गावात महिनाभर सांगितली जात होती आणि प्रत्येक वेळी लोक खदखदून हसत होते. मी हसले नाही. माझी पेटी उघडणारा नाकेदार तोच होता.

वेशीवर हलगी वाजली. घरोघरच्या बायका ओवाळायला आल्या. मी पाण्याची घागर घेऊन दारात उभी होते. गाडी थांबली, नामा उतरला, दंडांनी भरलेला, मिसरूड फुटलेला. मला वाटलं आधी माझ्याकडं येईल. तो उस्तादांच्या पाया पडला, मग सासूबाईंच्या, मग कुणीतरी त्याला खांद्यावर घेतलं. माझ्याजवळ आला तेव्हा म्हणाला, "अक्का, माय बरी हाय," आणि पायावर पाणी घेऊन आत गेला. माझा भाऊ माझ्या सासरी पहिल्यांदा आला, तो मुराळी म्हणून नाही.

मग घरात जे सुरू झालं ते सांगताना अजून माझी जीभ तिखट होते. आमच्याकडं एक म्हैस होती. तिचं दूध सासूबाई मोजून वाटायच्या, आणि सुनेच्या वाट्याला ताकच. नामाला सकाळी तांब्याभर धारोष्ण दूध. भाकरीवर लोण्याचा गोळा. अंघोळीला ऊन पाणी, तेही मी तापवलेलं. "माझं लेकरू वाळलंय," असं सासूबाई त्याला म्हणायच्या. मला त्या कधी नावानंही हाक मारत नसत, 'अगं ए' म्हणत. आणि हे. हे माझ्याशी दिवसातून चार शब्द बोलायचे, त्यांतले दोन बैलांबद्दल. ते संध्याकाळी नामाला घेऊन ओट्यावर बसायचे आणि बोलायचे, बोलतच राहायचे. दौलत डावीकडून येतो की उजवीकडून, तो कोणता पाय आधी उचलतो, त्याला घोट्याला धरावं की कमरेला. ह्यांना इतकं बोलता येतं हे मला लग्नानंतर तेव्हाच कळलं. मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकायचे. कधी मला वाटायचं, माझा भाऊ ह्यांनी नेला. कधी वाटायचं, माझा नवरा त्यानं नेला. दोघांवरचा राग एकाच वेळी यायचा, आणि भाकरी करपायची.

आणखी एक होतं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नामाचा तो दम माझ्यासोबत कमावलेला होता. लहानपणी ज्वारी निघाली की रिकाम्या रानात आम्ही दोघं दम धरून पळायचो, बांधापासून बाभळीपर्यंत. तो मधेच धापा टाकत बसायचा आणि मी बाभळीला शिवून, तोंडातला हुतूतू न तोडता, त्याच्यापर्यंत परत यायचे. मग एक दिवस मायनं मला घरात बोलावलं, म्हणाली आता पुरे. नामा पळत राहिला. बाभळीपर्यंत, मग बाभळीच्या पुढं. मी सासरी जात्यावर बसून एका दमात दोन दोन ओव्या म्हणायचे. चंद्राकाकू एकदा पलीकडून म्हणाल्या, "काय गं, श्वास घेती का न्हाई?" पहाटे मी दळायची आणि नामा बाहेर विहिरीभोवती फेऱ्या घालायचा. त्याचा हुतूतू तुटलेला मला ऐकू यायचा. माझी ओवी तेव्हा चालूच असायची. जात्यावरच्या बाईला कोण हलगी वाजवणार.

मार्गशीर्ष संपत आला आणि उस्तादांनी आमचं घर हादरवून टाकलं. आजवर चढाईला हे जायचे. उस्ताद म्हणाले, आता पहिली चढाई नामाची, आणि तुम्ही डाव्या कोपऱ्यावर. गावात दोन तट पडले. लोहाराच्या भात्यापाशी कुणी म्हणे, म्होरक्यानं कोपऱ्यात उभं राहायचं म्हणजे पाटलानं राखणीला बसण्यासारखं. कुणी म्हणे, उस्तादाला माणूस कळतो, ह्याचे हात सांडशीसारखे आहेत, पाय जड. कापसाच्या सऱ्यांत चंद्राकाकू उस्तादांच्या बाजूच्या. त्यांनी माझ्यादेखत सांगून टाकलं की, "तुजा नवरा चढाईला गेला की मला परत येतो का न्हाई ह्याचीच चिंता लागती." मी बोंड इतकं जोरात ओढलं की फांदी मोडली.

संध्याकाळचं ओट्यावरचं बोलणं थांबलं. नामा विचारी, "दाजी, यायचं का?" तर हे म्हणत, बैलांना वैरण टाकायचीय. दूध नामाला जायचं तेव्हा ह्यांची नजर तांब्यावर असायची, माझ्यासारखीच. एका घरात आम्ही दोघं एकाच माणसावर जळत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो. खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. म्हटलं, जळणं काय असतं ते ह्यांनाही कळू दे.

पौषात ज्वारी हुरड्यात होती. पाखरं राखायला हे माळ्यावर बसायचे, गोफण घेऊन. मी दुपारी भाकरी घेऊन गेले. रोज मी भाकरी खाली ठेवून परत फिरायची, त्या दिवशी ह्यांनी वर ये म्हटलं. माळ्यावर दोघं बसायला जागा कमी, मी काठाला धरून बसले. चारी बाजूंना कणसांचा पिवळा पसारा आणि वरून चिमण्यांचे थवे. हे बराच वेळ गोफणीला पीळ देत राहिले. मग खाली बघतच विचारलं, "तुजा भाऊ हाय, तुला ठाऊक असंल. त्याचा दम माझ्यापेक्षा लांब हाय?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलता आलं.

"हाय," मी म्हणाले. "लई लांब हाय."

त्यांनी गोफण खाली ठेवली. मी घाईनं पुढं म्हणाले, "पन कोपऱ्यातनं तुमी कुनाला जाऊ देत न्हाई. चढाईवाला परत फिरून राहिला की तुमी आधी खाली बसता. बाकीचे उभ्यानंच धराया बघतात."

"तुला कसं ठाऊक?"

"गोठ्यातनं दिसतंय. कुडाच्या फटीतनं."

"कवा बघितलंस?"

"रोजच बघते."

गोठ्याचा कूड तुराट्यांचा होता आणि मागं मोकळं रान, तिथंच सराव चालायचा. मी शेण भरायच्या निमित्तानं तिथं उभी राहायची, हे सासूबाईंनाही माहीत नव्हतं. हे माझ्याकडं बघत राहिले. एक थवा कणसांवर उतरला आणि यथेच्छ खाऊन उडाला, तरी गोफण उचलली नाही. मग भाकरी सोडली, अर्धी मोडली आणि माझ्यापुढं ठेवली. त्या दिवसापासून रोज दुपारी मी माळ्यावर चढायची. दौलत उजवा पाय आधी उचलतो, असं हे सांगायचे. मी लग्नाआधी त्याला माहेरी खेळताना पाहिलं होतं. मी सांगायची की उचलतो खरा, पण घाबरला की डावा. नामा ओट्यावर एकटा बसू लागला. आता बहुतेक त्याचं पोट जळत असावं. मला त्याची कीव आली नाही.

माघ आला. जत्रेला आम्ही बायका गाडीत बसून गेलो. मैदानाच्या कडेनं गाड्या सोडलेल्या, गाडीवर उभं राहिलं की सगळं दिसायचं. समोरच्या बाजूला माहेरच्या गाड्या होत्या. बा एका गाडीच्या साटीला टेकून उभे होते. मी पदर सरळ केला, हलवला. त्यांनी आमच्या बाजूला पाहिलं नाही. मग डाव सुरू झाला आणि नामा पहिल्या चढाईला गेला. काय गेला म्हणून सांगू. गुरुजींच्या आखलेल्या रांगेतून तो पाण्यातल्या सापासारखा जाऊन आला, दोघांना शिवून. आमच्या बाजूनं आरोळी उठली आणि समोरून शिव्या. बा जागचे हलले नाहीत. नामा पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा मात्र गुरुजींनी काहीतरी खूण केली, सगळे एका बाजूला सरकले, त्याला आत येऊ दिलं आणि मागून मिटले. नामा खाली गेला. त्याच्या अंगावर पाच सहा जण. उठला तेव्हा त्याचा उजवा हात लोंबत होता. तो बाहेर जाऊन बसला.

शेवटी आमचे दोनच गडी उरले, त्यांचा एकटा दौलत, आणि चढाई त्याची. तो दम घेऊन आला, मधल्याला शिवला आणि फिरला. कोपऱ्यावर हे. चंद्राकाकूंनी माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी पिचली. दौलत घाबरला होता, डावा पाय आधी उचलला, आणि हे आधीच खाली बसले होते. घोटा हातात आला. दौलत रेघेच्या दिशेनं आडवा पडला, हात लांबवला, बोटं मातीत सरकत गेली. पंचानं हात वर केला. बाद. आम्ही जिंकलो. लगेच समोरून माणसं धावली, हात रेघेला लागला होता म्हणून. इकडून धावले, दम आधीच तुटला होता म्हणून. ओढाताण, धक्काबुक्की. त्या गर्दीतून मी ह्यांना शोधत होते, आणि दिसले बा.

बा मैदान ओलांडून आले. आमच्या गावच्या माणसांमधून सरळ नामापाशी गेले, खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्याभोवती गुंडाळली, त्याचा चांगला हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला घेऊन आपल्या गाडीकडं चालू लागले. जो भाऊ गाव सोडून गेला, जो आपल्या गावाविरुद्ध खेळला, त्याला न्यायला बाप मैदानात आला. मी गाडीवर उभी होते, दहा हातांवर. मी कुठंही गेले नव्हते, कुणाविरुद्ध खेळले नव्हते. बांनी मान वर केली नाही. गाडी नदीच्या उतारानं गेली, तिची चाकं पाण्यात शिरली, पलीकडं चढली. तेव्हा मला जे झालं, तसं जळणं पुन्हा आयुष्यात झालं नाही. गावाकडं परतताना आमच्या गाड्यांत हलगी वाजत होती आणि मी पदरात तोंड घालून बसले होते. बायकांना वाटलं, भावाच्या हातासाठी रडते.

ज्वारी काढणीला आली. एका सकाळी हे गोठ्यात गेले ते बैल सोडून गाडीला जुंपायला लागले. सासूबाईंनी विचारलं, कुठं. हे म्हणाले, हिला माहेरी सोडून येतो. त्या म्हणाल्या, काढणीचं काय. हे म्हणाले, "दोन मानसं कमी पडतील. पडू द्या." जावई स्वतः बायकोला माहेरी सोडायला जातो, हे आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. आणि ज्या गावाला दहा दिवसांमागं हरवलं, त्या गावात. मी हळूच म्हणाले की लोक बोलतील. हे म्हणाले, "बोलू देत. बस गाडीत."

लोक बोललेच. माझ्या माहेरच्या पारावर ही एवढी गर्दी. "आला बघा घोटा धरनारा," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, पंचाला किती पाजली. पोरं गाडीमागं हुतूतू ओरडत धावली. ह्यांनी मान खाली घातली, कासरा सैल सोडला आणि गाडी हळू चालवली, घाई केली नाही. मी मागं बसून त्यांची पाठ बघत होते. जिंकलेला माणूस हरलेल्या गावात माझ्यासाठी शिव्या खात होता. असं दुसरं कुणाच्या नवऱ्यानं केलं असेल तर मला सांगावं.

मायनं मला दारातच कवटाळलं. बांनी ह्यांच्या हातातून कासरा घेतला आणि बैल स्वतः सोडले. दिवस मावळायला अंगणात माणसं जमली. गुरुजी आले, मागून दौलतही आला, घोट्याला हळद बांधलेला. नामा गळ्यात हात बांधून बाजेवर. मला वाटलं भांडण होणार. तर गुरुजींनी काडी घेऊन मातीत मैदान आखलं आणि ह्यांना विचारलं, तुमी आधीच खाली बसला ते कसं? झालं. सगळे त्या रेघांवर वाकले. उस्ताद बरोबर की गुरुजी, नामाला पहिल्या वर्षापासून चढाईला ठेवला असता तर काय झालं असतं, आमच्या घरातल्या त्या तीन महिन्यांतलं जे जे ह्यांचं आणि त्याचं बोलणं, ते सगळं आता माझ्या माहेरच्या अंगणात. मी माजघराच्या उंबऱ्यावर भाजी निवडत बसले होते. सासरी ऐकायची तशीच. मनात म्हटलं, इथंही मी चुलीपाशीच.

दौलत म्हणाला, माझा हात रेघेला लागला, मग दम तुटला. हे म्हणाले, दम आधी. नामाला मधल्या गर्दीमुळं दिसलं नव्हतं. आवाज चढू लागले. तेव्हा बा उंबऱ्याकडं वळले.

"गोदे, तू गाडीवर उभी व्हतीस. मी बघितलं तुला. तुला काय दिसलं?"

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. हातातली मेथी तशीच राहिली. मी उठले, माणसांच्या मधे गेले, मातीतल्या त्या रेघेजवळ बसले. "दौलतदादा पडला तवा त्याचं तोंड मातीत गेलं," मी म्हणाले. "तवाच आवाज बंद झाला. हात मागनं सरकला." दौलत म्हणाला, मातीची चव अजून तोंडात हाय, असंलही. गुरुजींनी काडीनं रेघ पुसली आणि पुन्हा आखली, आणि मला विचारलं, तुझ्या मते नामा कुठं हवा. मी सांगू लागले. सांगतच राहिले. मायनं आतून हाक मारली, मी उठले नाही.

तेवढ्यात दाराकडं लक्ष गेलं. तिथं सरू उभी होती, नामाची बायको, सतरा वर्षांची, हाताला पीठ लागलेलं. लग्नात पाहिली तेव्हा तिच्या तोंडावर मुंडावळ्या होत्या, त्यानंतर तिचं तोंड नीट पाहिलं ते आताच. ती माझ्याकडं बघत होती, माणसांच्या मधे बसलेल्या माझ्याकडं. ओठ मिटलेले. ती नजर मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, "सरू, तुझ्या माहेरी कोपऱ्यावर कोन खेळतं गं?"

ती आत वळणार होती. मग थांबून म्हणाली, "ठाऊक न्हाई, अक्का. पहिल्या संक्रांतीला माझा भाऊ न्यायाला आला व्हता. मामंजी म्हनले, नवरा घरी न्हाई, कशी धाडू. हे तुमच्याकडं व्हते नव्हं, खेळाया."

बा घसा साफ करत राहिले. नामानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्या सबंध हंगामात पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी नामानं एका हातानं गाडी जुंपली. बैलांचं जू बांनी लावून दिलं. सरू नवं लुगडं नेसली होती, डोळे भरलेले आणि तोंड हसरं, आणि वेशीपर्यंत ती मागं वळून माझ्याकडं बघत हात हलवत होती. मीही हलवला. आठवडाभरासाठी म्हणून मी आले होते, आणि त्यातले माझ्या वाटचे दिवस घेऊन माझा भाऊ दुसऱ्या बाईला तिच्या माहेरी सोडायला चालला होता. गाडी दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते, आणि माझ्या पोटात पुन्हा जळत होतं.